सातच्या हाकेला उत्तर आलं नाही

फोन वाजला तेव्हा मी मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर अँटेनाच्या केबलचं टोक सोलत बसलो होतो. उचगावहून भूपालचा शेजारी बोलत होता. "मास्तर, भूपालअण्णा गेले की वो." सकाळचे सव्वानऊ झाले होते. सात वाजता, आमच्या रोजच्या ठरलेल्या वेळी, मी त्याच भूपालला रेडिओवर हाक मारली होती आणि उत्तर आलं नव्हतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघं हौशी रेडिओवाले, रीतसर परवाना काढलेले. तो ऊस करणारा, मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. पण रेडिओ मला शिकवला त्यानं. माझ्या पुस्तकी व्याख्या तो ऐकूनच घ्यायचा नाही. "सेट म्हंजे मोटर, केबल म्हंजे पाईप, अँटेना म्हंजे फवारा. आनि फ्रिक्वेन्सी म्हंजे ठरलेला कट्टा. तुमी एका कट्ट्यावर, मी दुसऱ्या, मग गाठ कशी पडंल?" एकदा मी अँटेना न जोडताच बोलायचं बटण दाबलं आणि नवाकोरा सेट जाळला. "जोराला भाईर जायला वाटच न्हाई ठेवली, मग त्यो उलटा फिरनारच की," म्हणाला, आणि पुढं वर्षभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगून माझी लाज काढली. त्याच दिवशी त्यानं मला एक शिस्त लावली. समोरून आवाज आला नाही तर समोरच्याला दोष द्यायचा नाही, आधी आपली केबल तपासायची.

ती शिस्त मी त्या सकाळी इमानानं पाळली. कनेक्टर उघडले, मीटर लावला, अँटेनाच्या खांबावर चढलो. दोन तास. वहिनी लेकीकडे गेलेल्या, घरात तो एकटा. शेजाऱ्याला तो सेटजवळ पडलेला सापडला आणि सेट चालू होता. म्हणजे माझी हाक त्या खोलीत पोहोचत होती. माझ्या केबलला काहीही झालेलं नव्हतं... तेव्हा त्याचा श्वास चालू होता का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मला मात्र दुसरं काही सुचतच नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना हे सगळं सांगून टाकलं. "पयला फोन करायचा हुता की, भावजी," एवढंच म्हणाल्या. फोन माझ्या खिशातच होता.

आता रोज सातला मी त्यांना फोन करतो. "मी हाय," म्हणतात आणि ठेवतात. परवा मात्र त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला नाही, गाडी काढली आणि सरळ उचगाव गाठलं. वहिनी परसात धुणं पिळत होत्या. माझ्या अवताराकडे, पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे त्यांनी पाहिलं.

"आलासा व्हय?" म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावत चहा टाकायला आत गेल्या.