थोरल्या जावेचं वाक्य

लिहिलेल्या नाटिकेतल्या पात्राच्या नावावर तळहात ठेवून बाई विचारायच्या, “हे कोण बोललं, सांगा.” नुसत्या वाक्यावरून माणूस ओळखू आला नाही, तर ते वाक्य गेलंच म्हणून समजा.

सेलूच्या आमच्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या आणि गॅदरिंगसाठी नाटिका लिहायच्या. मी गणिताचा, पण कथा लिहायची खाज होती. एकदा धीर करून त्यांना एक कथा दाखवली. वाचून म्हणाल्या, “सर, तुमचा तहसीलदार, तुमचा चहावाला अन् त्याची म्हातारी सासू, सगळे तुमच्यासारखेच बोलायलेत. सासूच्या तोंडी ‘म्हणजेच’ कशाला? ती काय प्रमेय सिद्ध करायलीय?”

बाजारात त्या भाजी कमी घ्यायच्या, ऐकायच्या जास्त. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण बोलत असतो आणि त्यांचे ओठ आपल्याबरोबर हलत असतात.

एका वर्षी त्यांनी दोन जावांच्या भांडणाची नाटिका लिहिली. थोरली खाष्ट, धाकटी सोशिक. स्टाफरूममध्ये वाचन झालं, पण कुणी हसेना. शेवटी मीच एका नावावर हात ठेवला. “बाई, हे कोण बोललं?”

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. “थोरली. पण मीच बोलल्यासारखं वाटायलंय.”

मग सगळं बाहेर आलं. त्यांची खरी थोरली जाऊ पोखर्णीला राहत होती. घरच्या एका लग्नात ती पाहुण्यांदेखत म्हणाली होती, “आमच्या मास्तरीणबाईला खडू सोडून काही उचलत न्हाई.” तेव्हापासून अबोला. पुढे बाईंचे यजमान गेले, त्या सेलूत एकट्या राहिल्या, तरी अबोला सुटला नाही.

“तिचा टोमणा तेवढा ध्यानात राहिला,” बाई म्हणाल्या. “बाकी ती कशी बोलते, आठवंचना.”

नरसिंहाच्या दर्शनाला जाते, असं सांगून रविवारी त्या पोखर्णीला गेल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला थोरली ऐकवली. ठसका बाईंचा नव्हता, मानेचा झटकाही नव्हता.

“दारात दिसले तशी म्हणली, ‘हात धू अन् ताट घे.’ दुसरं काही न्हाई. जेवण झाल्यावर म्हणली, ‘तू घरात आलीस की पुस्तकात तोंड घालायचीस. मला वाटायचं, हिला आपून अडाणी वाटतो. मग मी बी टोचायचे. बोललीस तरी असतीस भांडायला!’”

एवढं सांगून बाई स्वतःच्या आवाजात आल्या आणि त्यांनी नाटिकेची वही पुढे ओढली.

नाटिका नव्याने लिहिली गेली. आता टाळ्यांची वाक्यं थोरलीची होती आणि थोरलीचं काम बाईंनी स्वतःच घेतलं. गॅदरिंगला जाऊबाई पोखर्णीहून येऊन पहिल्या रांगेत बसल्या. रंगमंचावर बाई म्हणाल्या, “ताट घे.” तोच खालून आवाज आला, “नुसतं ताट न्हाई! हात धू म्हणले व्हते मी आधी!”

बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. “चुकलं, अक्का,” म्हणाल्या आणि वाक्य पुन्हा घेतलं. मंडप हसून कोसळायचा बाकी राहिला.

निवृत्तीनंतर बाईंनी सेलूतली खोली सोडली आणि त्या पोखर्णीला अक्कांकडे राहायला निघाल्या. सामान न्यायला अक्का स्वतः आल्या होत्या. स्टँडवर त्यांचं चालूच होतं, “एवढी पुस्तकं कशाला? खायचीत का?” बाईही आता ऐकून घेत नव्हत्या. “तुमच्या लोणच्याच्या बरण्या चालतात व्हय?”

बस लागली. भांडता भांडताच अक्का आधी चढल्या, खिडकीजवळच्या सीटवरची धूळ पदराने पुसली आणि बाईंना हाताला धरून तिथे बसवलं.