घरच्या माणसांचे आभार

आमच्या ट्रॉयच्या मराठी मंडळात गणपतीचा कार्यक्रम संपत येतो, लोकांचं निम्मं लक्ष मसालेभाताच्या वासाकडे गेलेलं असतं, तेव्हा माझे यजमान माइकपाशी जातात आणि आभार प्रदर्शन करतात. कित्येक वर्षं हे खातं त्यांच्याकडेच आहे. शाळेचा हॉल मिळवून देणारा, स्पीकरची जोडणी करणारा, कागदी ताटं आणणारा, पार्किंगमध्ये गाड्यांना जागा दाखवणारा, कोणी म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नाही. या कलेत त्यांचा हात धरणारा अख्ख्या मिशिगनमध्ये नाही, असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. शेवटचं वाक्य ठरलेलं. घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, म्हणून पत्नीचं नाव घेत नाही. मग हशा, टाळ्या, आणि जेवणाची रांग. त्या रांगेच्या पलीकडे डाव घेऊन मी उभी असते.

मुलगी तिसरीत होती तेव्हा तिने मंडळाच्या गणपतीसाठी मागचा देखावा रंगवला होता. डोंगर, तळं, तळ्यात होडी. शाळेतून आली की गराजमध्ये जाऊन बसायची. मूर्तीच्या सोंडेचा रंग वाटेत खरवडला गेला होता, तोही तिनेच नीट केला. समारंभात यांनी सगळ्यांचे आभार मानले, ताटं आणणाऱ्याचेसुद्धा, आणि हिचं नाव घेतलं नाही. गाडीत ती रडायला लागली. हे मागे वळून तिला समजावत म्हणाले, की अगं वेडे, आभार परक्यांचे मानतात. आपल्या माणसाचे मानले की तो परका होतो.

"सो इफ यू थँक मी, आय अ‍ॅम नॉट युअर्स?" तिने विचारलं होतं.

हे म्हणाले, अगदी बरोबर. मुलगी डोळे पुसून हसली. मलाही तेव्हा ते उत्तर फार गोड वाटलं होतं.

पुढे ही मुलगी डॉक्टर होणार होती. म्हणजे ते आम्ही ठरवलं होतं. कॉलेजात दोन वर्षं तिने ते ओझं वाहिलं आणि मग कलेचा इतिहास घेतला. आमच्या घरात सुतक पडलं. हे जेवणाच्या टेबलावर काटा-चमच्याशी बोलावं तसं खाली बघून बोलायचे. तिने पीएचडी केली, इटलीत राहून मातीच्या जुन्या पुतळ्यांवर काम केलं, एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि मंडळात कोणी विचारलं की हे सांगायचे, लेक कन्सल्टिंगमध्ये आहे. कन्सल्टिंग हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात नेमकं काय करतात ते विचारणाऱ्यालाही माहीत नसतं आणि सांगणाऱ्यालाही. मी यांना कितीदा म्हटलं, लाज कसली वाटते तुम्हाला? हे म्हणायचे, लाज नाही गं, लोकांना समजावत कोण बसणार.

उन्हाळ्यात ती एका टूर कंपनीबरोबर इटलीच्या तळ्यांच्या सहलींना तज्ज्ञ म्हणून जाते. अमेरिकेतले निवृत्त, वाचणारे लोक या सहलींना येतात. सकाळी व्याख्यान ऐकायचं आणि दुपारी ज्याबद्दल ऐकलं ते जाऊन बघायचं, असा बेत असतो. हे ऑटो कंपनीतून निवृत्त झाले त्या वर्षी तिने आम्हाला बोलावलं. फोन माझ्याकडे होता, पण ती म्हणाली स्पीकरवर टाक. मग म्हणाली, "बाबा, जस्ट वन्स. एकदा येऊन बसा आणि ऐका. नाही आवडलं तर मी परत कधी विचारणार नाही." एवढंच तिला हवं होतं. बापाने एकदा समोर बसावं, आणि ही माझी मुलगी, हे असं काम करते, असं चारचौघांत म्हणावं. हे हो म्हणाले. नवे बूट घेतले. मला वाटलं, उशिरा का होईना, गाडी रुळावर आली.

तळ्याकाठच्या हॉटेलात आम्ही पोचलो तेव्हा मुलगी लॉबीत पाहुण्यांना गळ्यात घालायच्या नावाच्या पट्ट्या वाटत होती. पहिल्या जेवणाच्या वेळी ती सगळ्यांना आमची ओळख करून देणार होती, तसं तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही तिच्याकडे निघालो तेवढ्यात मागून कोणीतरी यांच्या पाठीवर थाप मारली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला यांचा जुना सोबती. आता तोही अमेरिकेतच, अल्फारेटाला असतो, बायकोसह याच सहलीला आलेला. इतक्या वर्षांनी भेट, तीही इटलीत, मग काय विचारता. मिठ्या झाल्या, टकलावरून चेष्टा झाली, आणि मग आपली माणसं भेटल्यावर जो प्रश्न येतोच तो आला. त्याचे दोन्ही मुलगे टेकमध्ये, एकाचं स्वतःचं स्टार्टअप. तुझं काय?

"मुलगा सिअ‍ॅटलला, टेकमध्येच," हे म्हणाले, "आणि मुलगी न्यूयॉर्कला, कन्सल्टिंगमध्ये."

इतक्या वर्षांची जिभेची सवय. विचार करून बोलले असते तर मी एक वेळ समजू शकले असते. मुलगी यांच्या मागेच, आमच्या पट्ट्या हातात घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मी पाहिला. हे वळले आणि दोघांची नजरानजर झाली. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. अरे, चुकलो, ही बघ माझी मुलगी. सगळे हसले असते आणि विषय संपला असता. हे वाकून बॅगेची चेन बघायला लागले. मग मुलीनेच हात पुढे केला, वेलकम म्हणाली, प्रवास कसा झाला विचारलं, आणि पट्ट्या आमच्या हातात ठेवून पुढच्या पाहुण्यांकडे गेली. लग्नानंतर तिचं आडनाव नवऱ्याचं आहे, नावही अमेरिकन तोंडांना झेपेल असं आखूड केलेलं, त्यामुळे सोबत्याला काही कळायचं कारण नव्हतं. त्याची बायको मला म्हणाली, आपल्याकडची वाटते नाही ही मुलगी? नाक अगदी मराठी आहे.

खोलीत आल्यावर मी यांना चांगलं फैलावर घेतलं. हे कॉटवर बसून नवे बूट काढत होते. म्हणाले, आता एकदम कसं सांगू, तो काय म्हणेल, मुलीची ओळख लपवतो म्हणेल. मी म्हटलं, मग बरोबरच म्हणेल. हे म्हणाले, उद्या सांगतो, जरा मोकळा वेळ मिळू दे. संध्याकाळच्या जेवणात मुलीने तज्ज्ञ म्हणून स्वतःची ओळख करून दिली आणि आमच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सकाळी नाश्त्याला मी तिला कॉफीच्या मशीनपाशी एकटीला गाठलं. मी सांगते त्यांना, म्हटलं, आत्ता जाऊन सांगते.

"नको, आई. आय अ‍ॅम वर्किंग," ती म्हणाली. "आणि ते बाबांनी सांगायला पाहिजे. तू नाही."

तिने मला असं बांधून ठेवलं. नाहीतर मी त्या टेबलावर टोस्टच्या टोपलीसमोर उभी राहून सांगितलं असतं, माझ्या जिभेला कधी कोणाची भीती वाटलेली नाही. पण तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या सांगण्याने तिचा बाप तिला मिळणार नव्हता.

मग सुरू झालं यांचं उद्या. आज बोटीत सांगतो. बोटीत फार वारा होता. आज जेवताना सांगतो. जेवताना तो सोबती त्याच्या मुलाच्या स्टार्टअपचं सांगत बसला. माज्जोरे तळ्यातल्या एका बेटावर पांढरे मोर फिरत होते, खालच्या दालनांत भिंतीभर खडे बसवून केलेली नक्षी होती, आणि मुलगी ते सगळं इतकं सुंदर समजावून सांगत होती की म्हाताऱ्या अमेरिकन बायका काठ्या टेकत तिच्या मागे मागे जात होत्या. हेही ऐकत होते, खोटं कशाला बोलू. पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. एकदा तर सोबत्याला म्हणाले, पोरगी हुशार आहे. पोरगी. मी तेव्हा हातातली पाण्याची बाटली इतकी आवळली की झाकण उडालं.

ओर्ता तळ्याच्या वरच्या टेकडीवर झाडीत विखुरलेली छोटी छोटी देवळं आहेत. प्रत्येकात मातीचे माणसाएवढे पुतळे, एका संताच्या आयुष्यातले प्रसंग मांडलेले. या पुतळ्यांवरच तिने पीएचडी केली होती. ती म्हणाली, कारागिरांनी आजूबाजूच्या गावकऱ्यांचे चेहरे घेतले असणार, बघा, एकही चेहरा देवाचा वाटत नाही. सोंडेचा रंग नीट करणारी माझी मुलगी मला तिच्यात दिसली, आणि मला रडू आलं. पुढच्या देवळात त्या संताने अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत दिलेत, कारण श्रीमंत व्यापारी बापाला मुलाने निवडलेला मार्ग मान्य नव्हता. सगळ्या गावासमोर दोघांचं नातं तिथे तुटलं, असं तिने सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी यांच्याकडे पाहिलं. हे पाठ करून उभे राहिले होते आणि मोबाइलवर खालच्या तळ्याचा लांबलचक फोटो घेत होते. सोबत्याची बायको म्हणाली, बिचारा बाप.

शेवटच्या संध्याकाळी कोमो तळ्याकाठच्या हॉटेलात निरोपाचं जेवण होतं. मी यांना स्पष्ट सांगितलं, आज नाही तर कधीच नाही. हे हो हो म्हणाले, टायसुद्धा बांधला. गोड पदार्थ आला तेव्हा सोबती काट्याने ग्लास वाजवून उभा राहिला आणि म्हणाला, कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये आभार मानायला आम्ही ज्याला उभं करायचो तो आज इथे आहे, त्याने आपल्या सगळ्यांच्या वतीने दोन शब्द बोलावेत. टाळ्या झाल्या. हे उठले. मुलगी समोरच्या टेबलाशी बसलेली होती. तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि बापाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता. यापेक्षा चांगली वेळ देवानेसुद्धा दिली नसती.

हे बोलले, आणि काय बोलले. इंग्रजीत, पण थाट तोच ट्रॉयच्या हॉलमधला. बसच्या ड्रायव्हरपासून सुरुवात केली. हॉटेलवाले, बोटवाले, सोबत आलेले सगळे. एकेकाला कोपऱ्यातून शोधून काढलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, आणि आमच्या विदुषी व्याख्यात्या. तिचं नाव घेतलं, ते आखूड केलेलं, नवऱ्याच्या आडनावासकट. त्यांच्या ज्ञानाने आम्ही समृद्ध झालो, आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत. हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते, हेही मी पाहिलं. पण त्या पाण्याचं काय करायचं? लोणचं घालायचं?

लोक उठून टाळ्या वाजवत होते. मुलगी उठली. टेबलांमधून वाट काढत आमच्यापर्यंत आली. सबंध सहलीत ती आमच्याशी पाहुण्यांइतकंच बोलली होती. तिने यांच्यापुढे हात जोडले.

"थँक यू, काका," ती म्हणाली.

सोबत्याच्या बायकोने माझा दंड धरला. ऐकलंस, काका म्हणाली, अमेरिकेत वाढूनसुद्धा केवढे संस्कार आहेत बघ, आईवडिलांनी छान वळण लावलंय. मी म्हटलं, हो, लावलंय खरं. हे खुर्चीवर बसले आणि समोरचं आइस्क्रीम वितळेपर्यंत तसेच बसून राहिले. गराजमधली होडी आणि गाडीतलं ते गोड उत्तर त्यांना आठवलं की नाही, मी विचारलं नाही. तिला आठवत होतं.

डेट्रॉइटच्या विमानात हे एकदाच बोलले, की तिने तरी मला असं म्हणायला नको होतं. मी म्हटलं, का? आभार मानल्यावर आणखी काय म्हणणार? त्यानंतर मी खिडकीकडे तोंड केलं.

आता ती माझ्या फोनवर फोन करते. स्पीकरवर टाक म्हणत नाही. बाबा कसे आहेत हेही विचारत नाही, आणि मी आपणहून सांगते ते ऐकून घेते. हे दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करतात. मी दहा वेळा म्हटलं असेल, तुम्ही करा ना फोन. हे म्हणतात, करतो उद्या.

यंदा गणपतीच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. हे म्हणाले, या वेळी आभाराला दुसरं कोणी बघा, माझा घसा बसलाय. मला क्षणभर बरं वाटलं, माणसाला आतून काहीतरी लागलंय म्हणून. मग पलीकडून त्याने घरच्यांची चौकशी केली असावी. घसा बसलेला माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, मुलगी ना, मजेत, तिचं कन्सल्टिंग जोरात चाललंय. मी ओल्या हातांनीच त्यांच्याकडून फोन घेतला आणि सेक्रेटरीला म्हटलं, आभार यंदा मी मानते.

नऊवारी नेसून मी माइकपाशी उभी राहिले. आधी सांगितलं, की या मंडळात लहानपणी जिने गणपतीचा देखावा रंगवला ती आमची मुलगी कन्सल्टिंगमध्ये नाही, ती कलेच्या इतिहासाची प्राध्यापक आहे आणि इटलीतल्या मातीच्या पुतळ्यांवर व्याख्यानं देते. लोकांनी माना हलवल्या. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, आणि याच लोकांसाठी यांनी एवढा घाट घातला होता. मग हॉलवाले, स्पीकरवाले, ताटंवाले, सगळ्यांचे रीतसर आभार मानले. शेवटी यांचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. यांनी सकाळी जेवणाचे ट्रे गाडीत ठेवायला मदत केली, मी त्यांची मनापासून आभारी आहे.

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, वहिनी, घरच्या माणसांचे मानायचे नसतात.

"माहीत आहे," मी म्हटलं.

टाळ्या झाल्या. हे दुसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्याने हसत हसत कोपराने ढोसलं, तेव्हा त्यांनीही वाजवल्या.