चार बोटं सोडून मारलेला शिक्का

नोकरीत खून, दरोडे, दंगे सगळं पाहिलं. तरी कोणी विचारलं, की साहेब, तुमच्या लक्षात राहिलेली केस कोणती, तर मी म्हशीच्या मांसाची सांगतो. लोक हसतात. हसू देत.

इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तो काळ. इकडे नव्या मोटारींची दुकानं उघडत होती, तिकडे गिरणीच्या गेटवर माणसं नुसती बसून असायची. मी जुन्या शहरातल्या एका पोलीस थान्याचा प्रभारी, तिकडच्या भाषेत टीआय, होतो. त्या साली आसपासच्या खेड्यांत लाळ्या-खुरकूत पसरली. गुरांच्या तोंडातून लाळ, खुरांत जखमा. प्रशासनाने गुरांचे हाट बंद केले, जनावरांची ने-आण थांबवली. हा रोग मांस खाऊन माणसाला होत नाही, असं डॉक्टर सांगत होते, पण ऐकतो कोण? म्हशीच्या मांसाचा बाजार पार बसला. खाटकांपासून कबाबच्या गाड्यांपर्यंत सगळ्यांचे हाल. माझे आजोबा महूच्या पलटणीत, वडील गिरणीत. आमच्या घरात रविवारी हेच मटण शिजायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच, आणि वाढलो याच मटणावर.

मग सरकारने बाजार सावरायला घेतला. लस टोचलेलीच जनावरं निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कत्तलखान्यात येणार, सरकारी डॉक्टर तपासणार, पास झालेल्या मांसावर निळा शिक्का मारणार, आणि ठरवून दिलेल्या दरानेच विक्री होणार. खाटीक बिथरले. त्यांना वळवलं ते एका म्हाताऱ्या दुकानदाराने. सगळे त्यांना चाचा म्हणत. "अरे भिया, ठप्पा रहेगा तो गाहक आएगा. नखरे मत करो," असं म्हणत चाचांनी सगळ्यांच्या आधी आपलं दुकान उघडलं. चाचांकडे बघून बाकीच्यांनी उघडली. गिऱ्हाईक हळूहळू परत येऊ लागलं.

आणि नेमकी चाचांबद्दलच खबर आली.

आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, बाजारात पानाची टपरी चालवायचा. तो थान्यात येऊन म्हणाला, "साब, कत्तलखाने का शटर खुलता नहीं और चाचा की दुकान पे माल उतर जाता है. कुछ तो गड़बड़ चल रही है."

आम्ही छापा घातला. दुकानात मांस टांगलेलं, प्रत्येक तुकड्यावर निळा शिक्का. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. "शिक्का माझ्यासारखाच आहे. पण एवढी जनावरं मी पासच केलेली नाहीत, टीआय साहेब."

चाचांना थान्यात आणलं. माल एका दलालाकडून घेतला, शिक्का बघूनच घेतला, एवढंच ते सांगत होते. दलालाला आणला, तर तो खुर्चीत रेलून म्हणाला, "ठप्पा है ना साब? तो डॉक्टर से पूछो. मैं तो ठप्पा देख के ही माल उठाता हूँ." म्हणजे चाचा दलालाकडे बोट दाखवणार, दलाल डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर चाचांकडे. दलालाला धरून ठेवण्याजोगं हातात काही नव्हतं. त्याला सोडावं लागलं.

वरून हुकूम आला: सोमवारपर्यंत छडा लावा, नाहीतर चाचांचा परवाना रद्द आणि बाजार पुन्हा बंद. चाचा बाकावर ताठ बसून होते. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"साब, सबको मैंने बोला था कि सरकार का ठप्पा मानो. अब ये दुकान गई तो गई. पर वो लोग मेरे को क्या बोलेंगे?"

चोराला पुष्कळदा आपण आधी जबाबात काय सांगितलं याची काळजी असते. या माणसाला लोक काय म्हणतील याची होती. माझं मन तिथेच वळलं. पण मनाने केस उभी राहत नाही.

मी कत्तलखान्यातून डॉक्टरांनी खरोखर पास केलेली एक मांडी मागवली आणि जप्त केलेल्या मांडीशेजारी टांगली. आमचे हेड साहब, म्हणजे माझे हवालदार, जातीने शाकाहारी. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सर, दोनों एक जैसे ही तो हैं."

एकसारखे नव्हते. डॉक्टरांचा शिक्का वाकडा, घाईत मारलेला, जिथे हात पोचला तिथे. जप्त मालावरचा शिक्का मात्र प्रत्येक तुकड्यावर कडेशी समांतर, आणि कडेपासून तेवढाच आत. मी माझी बोटं लावून पाहिली. चार बोटं. पुढचा तुकडा, पुन्हा चार बोटं.

मी लहानपणी वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जायचो. घडी खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालत तिथे, प्रत्येक ताग्याच्या टोकाला गिरणीची छाप मारत. छाप मारणारा डावा हात किनारीवर ठेवायचा, चार बोटं सोडायचा, मग ठसा. वाकडी छाप पडली की मुकादम ओरडायचा. मांसावर शिक्का इतका सरळ मारायची गरज कोणालाच नसते. ज्याच्या हाताला दुसरं येतच नाही, तोच असा मारतो.

"हेड साहब, साधे कपडे घाला आणि गिरणीच्या गेटवर जाऊन बसा," मी म्हणालो. "घडी खात्यातल्या कोणाला नवं काम लागलंय, तेवढं ऐकून या."

ते दुपारी परतले ते हसतच. गेटवरच्या मंडळींना एका जोडीदाराची चेष्टा करायला निमित्तच हवं होतं. "अपने छापावाले काका तो साहब हो गए. रोज सबेरे टेम्पो में बैठ के राऊ तरफ निकल जाते हैं, नाखून नीले कर के आते हैं!"

काका छत्रीबागेत राहत. मराठी माणूस, वडिलांच्याच वयाचा. थान्यात बोलावल्यावर मी त्यांना आरोपीसारखं उभं केलं नाही, खुर्ची दिली. नखांत निळं होतं.

"काका, राऊला काय काम करता?"

"रंगकाम. घरं रंगवतो."

"निळाच रंग?"

"लोकांना निळाच आवडतो हो आजकल."

हेड साहब खोकल्याच्या आडून हसले. मी वाद घातला नाही. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आणि थान्याचा गोल शिक्का त्यांच्या हाती दिला. "जरा या सगळ्यांवर मारा. आमच्या पोरांना काही सरळ जमत नाही."

काकांनी शिक्का हातात तोलून पाहिला, पॅडवर दाबला. डावा हात आपसूक कागदाच्या कडेवर गेला, चार बोटं पडली, ठप. दुसरा कागद, चार बोटं, ठप. अगदी तालात. मग मी जप्त केलेली मांडी आत आणायला सांगितली आणि त्यांचाच हात धरून तिची कड आणि शिक्का यांच्या मधे ठेवला. बोटं बरोबर बसली.

काकांनी हात हलकेच काढून घेतला.

"साहेब, तुम्ही गिरणीतले का?"

"वडील होते. कताई खात्यात."

"मग हे आधीच सांगायचं ना. उगाच रंगकामाचं बोललो."

पुढे सगळं सांगितलं. दलालाने त्यांना सांगितलं होतं, की डॉक्टरांना एकट्याने उरकत नाही, तुम्ही मदतनीस. "खरं वाटलं?" मी विचारलं. "वाटून घेतलं," ते म्हणाले. "पुन्हा हातात ठसा आला होता, साहेब."

त्याच संध्याकाळी पंच घेऊन राऊ गावाजवळ, काकांनी सांगितलेल्या शेडवर गेलो. बंदी असलेल्या गावांतून चोरून आणलेल्या म्हशी आत बांधलेल्या, दोघींच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पितळी ठसा फळीवर होता. दलाल समोरच सापडला. मी म्हटलं, "आता डॉक्टरांना विचारायची गरज नाही. ठप्पा इथेच आहे." खुर्चीत रेलणारा तो माणूस जीपमध्ये मात्र अंग चोरून बसला. काका सरकारी साक्षीदार झाले आणि कोर्टात एक शब्द फिरवला नाही. दलालाला शिक्षा झाली.

चाचा सोमवारच्या आत सुटले, परवाना वाचला, बाजार उघडाच राहिला. पण दोन दिवसांनी मुखबिर सांगत आला, "साब, चाचा की दुकान पे मक्खी भी नहीं बैठ रही. लोग बोल रिये हैं, पुलिस ले गई थी तो कुछ तो होगा."

रविवारी सकाळी मी पूर्ण गणवेशात, टोपी घालून, पायी त्या बाजारात गेलो. चाचांच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचा, दो किलो. ठप्पेवाला."

चाचांनी तुकडा काढला, शिक्का माझ्याकडे वळवून दाखवला. चांगला वाकडा होता. पैसे नको म्हणाले, तर मी दरडावलं. "पुलिसवाला मुफ्त में ले गया, ये बोलेंगे लोग. गिन के लो." आसपास हशा झाला. मी वळलो तेव्हा माझ्यामागे एक बुरखेवाली बाई पिशवी घेऊन उभी होती, तिच्यामागे कबाबच्या गाडीवाला, त्याच्यामागे आणखी कोणी. हेड साहब दूरवर नाकाला रुमाल लावून उभे होते, पण उभे होते.

त्यानंतर चौकशीत मी माणसाच्या तोंडाआधी हात बघायला लागलो. त्याचा पुढे मला पुष्कळ उपयोग झाला. पण या केसने शिकवलेलं मोठं ते वेगळं. निर्दोष माणसाला थान्यातून घरी सोडलं की आपलं काम संपलं, असं मला तोवर वाटायचं. ते अर्धंच असतं. पोलिसांनी भर बाजारातून नेलेल्या माणसाचं नाव पोलिसांनीच भर बाजारात परत आणून द्यावं लागतं. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे हा नियम मी पाळला, आणि हाताखालच्या पोरांकडून पाळून घेतला.