अक्कांचा तयार केसपेपर

"मी थांबणार नाही हं अण्णा, आधीच सांगते." खिडकीतून चार बोटं आत यायची आणि माझ्या टेबलावर टकटक करायची. मान वर न करताच मी म्हणायचो, "बर्री अक्का, कुंद्री." म्हणजे या, बसा. त्या बसायच्या, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा टकटक.

मोठ्या दवाखान्यात तातडीच्या विभागाबाहेर बसला असाल, तर असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या हुबळीच्या दवाखान्यात या होत्या, केशवापूरच्या अक्का. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, छातीत दुखतं म्हणून यायच्या. ईसीजी नेहमी चांगला. सिस्टर गॅसची गोळी द्यायची, अक्का पलंगावरची चादर नीट करायच्या आणि रिक्षाने घरी.

मी केसपेपर लिहिणारा कारकून. हुशारी जरा जास्तच. एकदा म्हटलं, "अक्का, ओपीडीत का येत नाही? दुखणं काय पळून जातंय?"

"आमचे हे असंच म्हणाले होते. रविवारी दुखायला लागलं. डॉक्टरांना उगाच त्रास नको, सोमवारी ओपीडीत जाऊ म्हणाले. मीपण हो म्हटलं." पुढचं त्यांनी नुसता हात हलवून सांगितलं. "आता घरी एकटी. दुखतंय ते गॅसचं की दुसरं, मला काय कळतं? तुम्हाला कळतं. म्हणून येते."

मी गंभीर झालो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काम कमी होतं, तेव्हा बसून अक्कांचे दहा केसपेपर लिहून ठेवले. नाव, वय, पत्ता, तक्रारीच्या रकान्यात 'छातीत जळजळ, नेहमीची'. फक्त तारीख घालायची. सिस्टर हसली, मी कॉलर ताठ केली. आत कोण आधी जाणार, हे ती त्या रकान्यावरूनच ठरवते, हे मला ठाऊक होतं.

त्या दुपारी अक्का म्हणाल्या, "अण्णा, आज हात ओढतोय रे. जबडापण."

"हं, हं," म्हणत मी ड्रॉवरमधला कागद काढला, तारीख घातली, पुढे सरकवला. तेवढ्यात स्कूटरच्या अपघातातली दोन पोरं आली. सिस्टरने 'नेहमीची' वाचलं आणि कागद सगळ्यांत खाली ठेवला.

अर्धा तास झाला, टकटक नाही. अक्का बाकावर भिंतीला टेकून गप्प. मला कौतुक वाटलं. जागेवरूनच ओरडलो, "आज अगदी शहाण्यासारखं बसलात हो!" लोक हसले. अक्का हसल्या नाहीत.

सिस्टरने नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या नाहीत.

मुलगा बेंगळुरूहून आला. कागदपत्रं घेताना त्याने विचारलं, "आईला फार थांबावं लागलं का हो?"

"छे, छे. आल्या आल्या आत घेतलं."

"तेवढं बरं झालं," तो म्हणाला. वयाने माझ्याहून मोठा माणूस, वाकून त्याने हात जोडले. "तुमचे उपकार आहेत."

मीही हात जोडले.