यायत्सेला नेलेली परात

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. रक्कम दोनशे डॉलर, वीसच्या दहा नोटा. हजर तिघं: मी, माझी बायको आणि आमची समोरची शेजारीण. जागा कॅनडातल्या किचनर गावातलं आमचं स्वयंपाकघर. टेबलावर नोटांचं पाकीट होतं आणि त्याच्या शेजारी तांब्याची एक जुनी परात, आतली कल्हई झिजलेली.

शेजारीण सत्त्याहत्तर वर्षांची, बोस्नियातल्या यायत्से या छोट्या शहरातली. आम्ही तिला मावशी म्हणतो. अर्थ विचारून घेतल्यावर तिने ते मान्य केलं. हिवाळ्यात आमच्याबरोबर तिच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ मी फावड्याने काढतो, आणि ती अधूनमधून पिता आणून देते. पिता म्हणजे कागदासारख्या पातळ पोळीत बटाटा भरून, गुंडाळून भाजलेला प्रकार. तिची ताटली परत देताना बायको त्यात काहीतरी घालूनच देते. या खाण्यापायी आणि मावशीच्या गोष्टींपायीच आम्ही लग्नाच्या तिसाव्या वर्षी तीन दिवस यायत्सेला जायचं ठरवलं होतं.

परातीची हकिगत मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. परात तिची नव्हतीच. पाहुणे येणार म्हणून शेजारच्या मैत्रिणीकडून मागून आणलेली. दोन दिवसांत ब्याण्णव सालचं युद्ध शहराच्या वेशीशी आलं. मावशीने वाटेसाठी पिता केली ती त्याच परातीत, आणि सकाळी ती निघाली तर दारात मैत्रीण उभी. "जाऊ नकोस," मैत्रीण म्हणाली. "आणि जायचंच असेल तर परात ठेवून जा." मावशी परात घेऊन गाडीत बसली. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ दोघी बोललेल्या नाहीत. मैत्रीण त्याच घरात परत राहायला आली आहे हे मावशीला कळलं होतं. फोन नंबरही मिळाला होता, तो तिने कधी लावला नाही.

"ही तिला नेऊन द्या. तिने घेतली तर बरंच," मावशी म्हणाली. "नाही घेतली तर हे पैसे द्या. तेही नाही घेतले तर मला खरं काय ते सांगायचं. गोड करून नाही."

मी परात मोजली. व्यास चव्वेचाळीस सेंटिमीटर, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम.

"रिकामी कशी न्यायची?" बायको म्हणाली.

"अगं, वजन बघ आधी."

"तुम्ही बघा. मी बेसन भाजते."

बत्तीस लाडू झाले.

यायत्सेबद्दल मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ते अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं असेल. त्या शहराच्या कडेला एक नदी संपते. संपते म्हणजे अख्खीच्या अख्खी कड्यावरून खाली दुसऱ्या नदीत पडते, आणि वर, अगदी लागून, लोकांची घरं आहेत. नायगरा आमच्या घरापासून दीड तासावर. पाहुण्यांना घेऊन मी तिथे अठरा वेळा गेलो आहे, पार्किंगचे दर मला पाठ आहेत. इथे एक बाई बाल्कनीत सतरंजी झटकत होती आणि तिच्या पायाखालून पाणी कोसळत होतं, तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तुषार आमच्या चष्म्यांवर येत होते. मी ते पुसतही नव्हतो.

"अहो," बायको काही वेळाने म्हणाली, "उंची नाही विचारलीत?"

खरंच विचारली नव्हती. नंतर कळली, वीसेक मीटर. आकडा ऐकून काही फरक पडला नाही.

संध्याकाळी तळ्याकाठच्या पाणचक्क्या पाहिल्या. लाकडी खोपट्या, एकेक आमच्या बागेतल्या शेडएवढी, खांबांवर उभ्या आणि खालून पाणी पळतंय. पूर्वी आसपासची घरं तिथे आपापलं धान्य दळून न्यायची. जेवायला गरम पाव आणि वर घट्ट साय, किंचित आंबट. बायको मांस खात नाही, तिची काळजी होती, पण तिने सायीची दुसरी वाटी मागवली आणि मला एक घास दिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही किल्ल्याखालच्या त्या घरी गेलो. हॉटेलात बायकोने लाडू परातीत रचले होते, वर रुमाल. दार उघडलं ते मैत्रिणीच्या सुनेने. ती शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे बोलणं तिच्यामार्फत झालं. मागे ती मैत्रीण, म्हणजे आता ऐंशीच्या आजी, उभ्या होत्या. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, पण त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी परात घेऊन टेबलावर ठेवली. एकेक लाडू उचलून ताटात काढला, घाई न करता, बत्तीसही. मग परात उलटी केली आणि काठावरच्या एका पोच्यावर अंगठा फिरवला.

त्या काहीतरी बोलल्या. सून म्हणाली, "हा पोचा त्यांच्या आईच्या हातून पडला. जिन्यावरून."

मग बाकीचं कळलं. मावशी गेली त्यानंतर आठव्या दिवशी आजींनाही घर सोडावं लागलं. चार वर्षांनी परत आल्या तेव्हा घरात दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, चमचासुद्धा उरला नव्हता. आईची म्हणून एकही वस्तू राहिली नव्हती. ही सोडून.

"मी तिला चोर म्हणायचे," आजी म्हणाल्या. "सगळ्या गल्लीत. चांगली चोर निघाली."

मी पाकीटही पुढे केलं. त्यांनी ते एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. "हे काय, भाडं?"

कॉफी आली, छोट्या बिनकानाच्या कपांत. लाडू खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, हे परातीत का घातले होते? बायकोने सांगितलं, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. सुनेने ते सांगताच आजी हसायला लागल्या.

"आमच्यातही नाही देत. म्हणजे आता मलाही भरूनच द्यायला हवी."

"अहो आजी, पण ती तुमचीच आहे ना," बायको म्हणाली.

"माझी आहे, म्हणून मी ठरवणार. रिकामी आणली असतीत तर ठेवून घेतली असती." आणि त्या बाह्या वर करून उठल्या.

"लाडू नको म्हणालो होतो," मी हळूच म्हटलं.

"वजनासाठी म्हणाला होतात," बायको म्हणाली.

आजींनी टेबलभर कणीक ओढत नेली. लाटणं नाही, नुसती बोटं खाली घालून. कणीक इतकी पातळ झाली की खालच्या कापडावरची फुलं मोजता आली असती, आणि कुठे फाटली नाही. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो, कामाच्या मध्ये यायला नको म्हणून. बायको सांडगे-पापड करणाऱ्या घरातली, तिला कणकेचं सहसा कौतुक वाटत नाही. ती माझी बाही धरून उभी होती. बायकोसाठी आत फक्त बटाटा घातला, आणि पिता भाजली ती त्याच परातीत. निघताना आजींनी बजावलं, "ही संपली की परात तिने स्वतः आणायची. आणि रिकामी."

टोरोंटोला उतरल्यावर कस्टम्सला मी रीतसर जाहीर केलं: बटाट्याची पिता, एक. अधिकाऱ्याने मांस आहे का विचारलं आणि नाही म्हटल्यावर जाऊ दिलं.

मावशी पायरीवरच थांबली होती. परात बघून तिचा चेहरा उतरला. घेतली नाही, एवढंच तिला दिसलं असणार. मी तिथेच सगळं सांगितलं, ठरल्याप्रमाणे काही न गाळता. चोर म्हणायच्या तेही. ती पायरीवर बसली. मग रुमाल बाजूला करून तिने एक तुकडा मोडला, तसाच गार, आणि बराच वेळ चावत राहिली.

"मीठ अजून जास्तच घालते," ती म्हणाली.

दोनशे डॉलर मी पाकिटासकट परत केले. पुढच्या गुरुवारी तिला गाडीतून तिकीटवाल्या बाईच्या ऑफिसात नेलं. टोरोंटो ते सारायेवो, जाऊन येऊन, मे महिन्यातलं: तेराशे शहाऐंशी डॉलर. अकराशे शहाऐंशी मावशीने कार्डावर भरले. उरलेले दोनशे तिने त्याच पाकिटातून काढून त्या बाईच्या हातात मोजून दिले, वीसच्या दहा नोटा.