कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत होतं

हसायचं तर खुशाल हसा... मीही हसलोच असतो. केजमध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भूत असेल तर मीटरवर दाखव, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस मी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याकडेच राहते, दरसाल ऊसतोडीला जाते. मागच्या हंगामात तिची कंबर पार गेली. म्हणून यंदा गावरान कोंबड्या पाळायचं ठरलं. पहिली पिल्लं नीट निघाली तर ती घरी राहणार, नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा कोयता हातात.

मला छोट्या कॉम्प्युटरचा भारी नाद. पत्त्याच्या पानाएवढा एआरएम चिपचा बोर्ड, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. तो लावून थर्माकोलच्या खोक्यात अंडी उबवायचं यंत्र केलं. ऊब कमी झाली की बल्ब लागतो, वाढली की विझतो. प्रोग्राम सगळा नखाएवढ्या मेमरी कार्डात. कार्ड नसेल तर स्क्रीनसुद्धा लागत नाही.

अक्काने आळीतून एकतीस अंडी जमवली आणि मांडताना खोक्यात एक लोखंडी खिळा ठेवला. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून ठेवतातच आपल्याकडे. मी चिडलो, हे सायन्स आहे म्हणून ऐकवलं... तिने काही तो काढला नाही. वर रोज तीनदा स्क्रीनवरचा आकडा खडूने भिंतीवर लिहायची.

अठराव्या दिवशी आष्टीला मेव्हण्याच्या लग्नाला निघालो. सकाळी बोर्ड बंद करून कार्ड काढलं, लॅपटॉपवर कॉपी घेतली. तेवढ्यात जीपवाला हॉर्नवर हॉर्न. घाईत बटण दाबलं आणि न बघताच पळालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीला बसताना चष्म्याची डबी उघडली — आत कार्ड! पानावरून तसाच उठलो. माझ्या गाढवपणापायी अक्का पुन्हा उसाच्या फडात जाणार... फोन लावला.

"बलब लागतोय, इझतोय," ती म्हणाली. "सदतीस पॉइंट सहा दावतंय."

बोर्डाच्या खालच्या खाचेत काही आहे का, बघायला सांगितलं.

"रिकामी हाय. कावून रं?"

काही नाही, हात लावू नको म्हटलं. घरी आल्यावर स्वतः पाहिलं. खाच रिकामी आणि बल्ब चालू! मीही हात लावला नाही, खोटं कशाला बोलू, भ्यालो होतो. एकविसाव्या दिवशी सकाळी टरफलं तडकायला लागली. सत्तावीस पिल्लं निघाली. अक्का पदर तोंडाला लावून रडली, मीही रडलो.

मग बोर्ड बंद करून कार्डाशिवाय पुन्हा लावला. ठार मेलेला. कार्ड घातलं, चालू झाला. कार्डातली नोंद उघडली तर... त्या सगळ्या दिवसांचे आकडे त्यात होते. कार्ड माझ्या डबीत असतानाचे! भिंतीवरच्या खडूशी एकन्‌एक जुळले.

जाणकारांना विचारून झालं. तुझीच नजरचूक म्हणतात. असेल बाबा. पण भिंत अजून पुसलेली नाही, येऊन बघा.

परवा दुसऱ्या खेपेची अंडी मांडली. या वेळी खिळा मीच शोधत होतो, कबूल करतो. अक्काने माळ्यावरून कोयता काढला आणि खोक्याशेजारी ठेवला.

"लोखंडच लागतंय न्हवं?" म्हणाली. "ऱ्हाऊ दे हितंच. यंदा त्याला दुसरं काम न्हाई."