बेंजोवरचं थांबणारं गाणं

मलकापूरला स्टेशनजवळ जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे मी मिक्सर घेऊन गेले आणि येताना एक रेकॉर्डही घेऊन आले. कव्हरवर समुद्र आणि लांबलचक फळ्या बगलेत धरून उभी असलेली गोरी पोरं. लाटांवर फळ्या चालवणाऱ्या असल्या पोरांनी पूर्वी अमेरिकेत गिटारचं एक संगीत काढलं होतं, सर्फ रॉक नावाचं. त्यातली ही अगदी सुरुवातीची, लोकांसमोर वाजवलेली रेकॉर्ड. इंटरनेटवरही तिची कोणाला फारशी खबर नव्हती.

घरी सासऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली तर एकेक गमती निघाल्या. समुद्र फक्त कव्हरवर. कार्यक्रम झाला होता एका शाळेच्या हॉलमध्ये. निवेदक बँडचं नाव चुकीचं सांगतो, मागून कोणीतरी त्याला दुरुस्त करतं, तो पुन्हा चुकतो. टाळ्या गाणं संपायच्या आधीच पडतात. आणि दुसऱ्या बाजूला तर गिटारवाला जोरात सुरू होतो, अडखळतो, थांबतो. त्या शांततेत एक माणूस खोकतो. मग ‘वन, टू’ म्हणून सगळं पहिल्यापासून.

माझा मोठा भाऊ अमडापूरला शेती करतो आणि लग्नसराईत बेंजो पार्टी चालवतो. वरातीत गाडीवर ठेवून वाजवतात तो बटणांचा, तारांचा बेंजो. दादा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याला ही रेकॉर्ड ऐकवली. गिटारच्या तारा घाईघाईनं थरथरायला लागल्या आणि त्याचा घास हातातच राहिला.

‘‘हा तं आपलंच वाजवून राह्यला वं,’’ तो म्हणाला, आणि गाणं मोबाइलमध्ये भरून घेऊन गेला.

पुढे अमडापुरातल्या एका लग्नाला मीही गेले. वरात निघाली, दादानं तेच गाणं धरलं. नवरदेवाचे मित्र हात वर करून नाचायला लागले आणि ऐन रंगात बेंजो बंद पडला. ताशेही गप्प. नवरीचे मामा जनरेटर बघायला धावले. तेवढ्यात एक ताशेवाला खोकला, दादा ‘वन, टू’ म्हणाला आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

मग मंडपापर्यंत लोकांनी दुसरं काही वाजवूच दिलं नाही. थांबायची जागा आली की अख्खी वरात पुतळ्यासारखी उभी राही. खोकायचं काम तर शेवटी नवरदेवानं घोड्यावरून स्वतःकडे घेतलं.

पंगतीत मी दादाला सांगितलं, की तो गिटारवाला चुकला होता, थांबणं हे काही गाण्यात नाही.

दादानं जरा विचार केला. ‘‘मंग त्यानं ते रेकॉर्डात काऊन ठेवलं?’’

आता आसपासच्या गावांतून त्याला त्या थांबणाऱ्या गाण्यासाठी फोन येतात. माझ्या आग्रहाखातर एकदा चिखलीला त्यानं ते न थांबता वाजवलं. लोक नाचले, पण नंतर एरवीसारखं कोणी जवळ येऊन ‘हे कुठलं’ म्हणून विचारलं नाही.